अनुबोधपटातील सत्य

रॉबर्ट फ्लाहर्टी यांचा ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ (१९२२) हा अनुबोधपटाच्या परंपरेतील आद्य चित्रपटांपैकी एक मानण्यात येतो. हडसन उपसागराच्या परिसरातील इनुइट लोकांचे खडतर जीवन त्यात दिसते. परंतु ते जसेच्या तसे नव्हे. आतील चित्रणास प्रकाश मिळावा म्हणून बर्फाच्या घराची एक बाजू उघडी ठेवण्यात आली होती. बंदुकीशी परिचित असलेल्या शिकाऱ्यांच्या हाती चित्रणासाठी भाले आले. नायकाचे खरे नावही नानूक नव्हते. मग हे सारे असत्य म्हणावयाचे काय? तेथील थंडी व श्रम खरेच आहेत. पालटला आहे तो काळ. मागे पडत चाललेली रीत वर्तमान म्हणून दाखविली गेली. परक्याचे कष्ट चितारताना त्याचा वर्तमान हिरावून घेऊ नये, हे बंधन साहित्यिकावरही आहेच.