युद्ध संपते, दुखणे उरते

1990 सालच्या ऑगस्ट महिन्याची आठवण गोव्यातील पुष्कळ कुटुंबांत अद्याप ताजी आहे. त्या महिन्याच्या 2 तारखेस इराकी सैन्य कुवेतमध्ये घुसले आणि पोटापाण्यासाठी तेथे गेलेली आपली माणसे एका रात्रीत निराधार झाली. अम्मानमार्गे विमानांनी 1,70,000 च्या वर भारतीयांस मायदेशी आणण्यात आले. कोणी नेसत्या वस्त्रानिशी आले, परंतु आले. आपली माणसे जेथून सुटली तेथेच पुढे युद्ध पेटले. त्या युद्धासाठी अमेरिकेने धाडलेल्या सुमारे 7 लाख सैनिकांपैकी कित्येकांचे दुखणे तीस वर्षे उलटून गेली तरी सरलेले नाही. ह्या दुखण्याची, आणि ते कागदावर उतरवून घेण्यासाठी झालेल्या खटपटीची, हकीकत आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. ज्या घरचा पुत्र, पती वा बंधू सैन्यात आहे अशी घरे आपल्या गावांतही, विशेषतः बेळगावकडे, थोडी नाहीत.

28 फेब्रुवारी 1991 रोजी लढाई थांबली. सैनिक घरी परतले, त्यांच्या मिरवणुका निघाल्या. पुढे काही महिन्यांनी कोणास न जाणारा थकवा जाणवू लागला, कोणाचे सांधे दुखू लागले, कोणास विसर पडू लागला. डोकेदुखी, पोटाच्या तक्रारी आणि अंगावरील पुरळ ह्यांनी कित्येक बेजार झाले. रक्त तपासावे तर दोष सापडेना. तेव्हा पुष्कळांस हा मनाचा खेळ आहे असे सांगण्यात आले. धडधाकट गेलेला माणूस अंथरुणास खिळावा आणि वर त्याच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवू नये, ह्याहून मोठा अपमान तो कोणता?

वस्तुतः त्या रणभूमीवर घातक द्रव्यांची उणीव नव्हती. माघार घेणाऱ्या इराकी सैन्याने पेटविलेल्या 600 हून अधिक तेलविहिरींचा धूर नोव्हेंबर 1991 पर्यंत आकाशात कोंडला होता. विषारी वायूपासून बचाव व्हावा म्हणून सैनिकांस गोळ्या देण्यात आल्या होत्या. तंबूंत कीटकनाशके मुबलक वापरली होती. मार्च 1991 मध्ये खामिसिया येथील इराकी दारूगोळ्याचे कोठार अमेरिकी सैन्याने उडवून दिले. त्यात सारिन नावाचा विषारी वायू भरलेली अस्त्रे होती, ही गोष्ट सरकारने 1996 मध्ये मान्य केली. अखेरीस 2008 मध्ये सरकारनेच नेमलेल्या एका संशोधन समितीने निर्वाळा दिला की हा आजार खरा आहे, तो त्या युद्धातील निदान चौथ्या हिश्श्याच्या सैनिकांस जडला आहे, आणि त्या गोळ्या व कीटकनाशके ही त्याची कारणे आहेत. लढाई संपून तेव्हा सतरा वर्षे झाली होती.

इतका विलंब का लागला? एक कारण अगदी साधे आहे. कोणता शिपाई कोणत्या दिवशी कोठे होता, त्याने किती गोळ्या घेतल्या, तो कोणत्या धुरात उभा होता, ह्याची धड नोंदच नव्हती. आपल्या गावी जन्ममृत्यूची नोंद नसली म्हणजे वारसास कशा खेटा घालाव्या लागतात हे आपण जाणतोच. येथे तर अखंड देहाचाच दाखला हरवला होता.

म्हणून 1992 मध्ये अमेरिकेने कायदा करून आखाती युद्धातील सैनिकांची आरोग्य-नोंदवही उघडली. अशा वहीत सैनिकाचे नाव, त्याची पलटण, तो जेथे जेथे होता ती ठिकाणे व तारखा, त्याच्या तक्रारी व त्या केव्हा सुरू झाल्या हे लिहून घेतात. डॉक्टर त्याची तपासणी करतात. आणि पुढे नवे ज्ञान हाती आल्यास त्यास बोलावता यावे म्हणून पत्ता ठेवतात. एकट्याचे दुखणे हे गाऱ्हाणे वाटते. सहस्रांचे दुखणे एका वहीत शेजारी शेजारी लिहिले म्हणजे डॉक्टरांस त्यातील साम्य दिसू लागते.

ही कल्पना नवी नव्हती. 1962 ते 1971 ह्या काळात व्हिएतनामच्या अरण्यांवर अमेरिकी विमानांनी झाडे जाळणारी औषधे फवारली. त्यांतील 'एजंट ऑरेंज' ह्या औषधात डायॉक्सिन हे जहाल विष होते. त्या सैनिकांसाठी 1978 मध्ये नोंदवही सुरू झाली. परंतु त्या विषाशी काही रोगांचा संबंध गृहीत धरून मदत देणारा मोठा कायदा व्हावयास 1991 साल उजाडावे लागले. तोवर कित्येक घरांतील कर्ता पुरुष मातीआड झाला होता.

तिसरी हकीकत इराक व अफगाणिस्तानातील आहे. तेथील लष्करी तळांवर सर्व प्रकारचा कचरा उघड्या खड्ड्यांत टाकून, विमानाचे इंधन ओतून जाळीत असत; त्यात प्लास्टिक, रसायने, औषधोपचारातील घाणसुद्धा असे. सैनिक त्याच धुरात जेवत व झोपत. पुढे धावताना दम लागतो अशी तक्रार घेऊन आलेल्या काही सैनिकांचे फुफ्फुस छायाचित्रात निर्दोष दिसे. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डॉक्टरांनी अशा 49 जणांच्या फुफ्फुसांचे तुकडे काढून तपासले. त्यांपैकी 38 जणांच्या सूक्ष्म श्वासनलिका आकसून गेलेल्या आढळल्या. त्यांतील पुष्कळ जण 2003 मध्ये मोसूलजवळच्या गंधकाच्या आगीत सापडले होते. साधी तपासणी जे दाखवू शकली नाही ते शरीर मुकाट्याने सोसत होते.

टेक्सास राज्यातील पोलीस शिपाई लेरॉय टोरेस हे राखीव सैनिक म्हणून 2007 मध्ये इराकला गेले आणि फुफ्फुसाचा विकार घेऊन परतले. पूर्वीचे काम त्यांस झेपेना. नोकरीच्या हक्कासाठी त्यांनी आपल्याच राज्याविरुद्ध दाद मागितली. अशी दाद मागता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 29 जून 2022 रोजी 5 विरुद्ध 4 मतांनी दिला. त्यांनी व त्यांच्या पत्नीने अशा पीडितांसाठी संस्थाही उभारली. 2014 मध्ये केंद्र सरकारची नोंदवही सुरू झाली, आणि 2019 मध्ये टेक्सासच्या विधिमंडळाने राज्याच्या स्वतंत्र नोंदवहीचा कायदा केला. राज्याची वही कशास, असे कोणी विचारील. उत्तर असे की घरी परतलेला सैनिक पुष्कळदा गावच्याच डॉक्टरकडे जातो, आणि कर्करोगाची व मृत्यूची नोंद राज्यच ठेविते. ही पाने एकमेकांस जोडली गेली तरच रोगाचा माग लागतो.

तथापि नोंदवही म्हणजे औषध नव्हे, आणि निवृत्तिवेतनाचा अर्जही नव्हे. कित्येक सैनिकांनी नाव नोंदविले आणि मदत मिळेल म्हणून वाट पाहत राहिले. ती मागण्याचा अर्ज निराळा असतो हे त्यांस ठाऊक नव्हते. शिवाय 2014 च्या वहीत सुमारे 140 प्रश्न होते. जो आजारी आहे, ज्यास बातमी लागली आहे आणि ज्यास लिहिण्याचे बळ आहे तोच नाव नोंदविणार. मागे राहिले ते राहिलेच. अशा स्वेच्छेच्या वहीवरून रोगाचे प्रमाण वा कारण ठरविता येत नाही, असे वैज्ञानिकांच्या समितीने 2022 मध्ये स्पष्टपणे सांगितले.

ह्या साऱ्यातून अमेरिका एक धडा उशिरा शिकली. 10 ऑगस्ट 2022 रोजी झालेल्या कायद्याने ठरविले की नेमलेल्या ठिकाणी व काळी सेवा केलेल्या सैनिकास यादीतील रोग जडला तर तो सेवेमुळेच जडला असे समजावे. त्याने पुरावा शोधीत हिंडू नये. फुफ्फुसाच्या कर्करोगाने 2020 मध्ये मरण पावलेल्या हीथ रॉबिन्सन ह्या सैनिकाचे नाव त्या कायद्यास दिलेले आहे. ऑगस्ट 2024 मध्ये नोंदवहीही पालटली. लष्कराच्या कागदांवरून 47 लाखांहून अधिक नावे सरकारने आपण होऊन लिहिली, आणि त्यांत मृतांचाही समावेश केला. ज्यास नको असेल त्याने नाव काढून घ्यावे.

आमच्या मते सर्व कथेचे सार ह्या पालटात आहे. सैनिकास कोठे धाडावयाचे हे राज्य ठरविते. तेव्हा तो कोठे होता व त्याच्या वाट्यास काय आले हे लिहून ठेवण्याचे ओझेही राज्यानेच वाहिले पाहिजे. धाप लागलेल्या माणसास लेखणी देऊन 'तूच सिद्ध कर' म्हणणे हा न्याय नव्हे.

तोवर आपल्या घरी आपण एवढे तरी करावे. कुटुंबात माजी सैनिक असेल तर त्याचे सेवामुक्तीचे पुस्तक व वैद्यकीय कागद एका पेटीत जपून ठेवावेत. तो कोणत्या साली कोठे होता, कोणता त्रास केव्हा सुरू झाला, हे त्याच्याच तोंडून ऐकून एका वहीत उतरवून घ्यावे, आणि डॉक्टरकडे जाताना ती वही बरोबर न्यावी. लेकीसुनांनी संध्याकाळी बसून लिहिलेली चार पानेही कधी काळी मोठी साक्ष ठरतील. आणि तो बोलू लागला म्हणजे, दुखणे डोळ्यांस दिसत नाही म्हणून ते नाहीच, असे मात्र त्यास कोणी म्हणू नये.