परतीचा पुरावा

आपल्या सोलापूर भागात ‘पाहुणे’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. घरी चार दिवस राहायला आलेला माणूस पाहुणा, आणि ज्यांच्याशी सोयरीक जुळली तेही पाहुणेच. ‘तुमचे पाहुणे कुठले?’ असं विचारलं की समोरचा व्याह्यांचं गाव सांगतो. व्हिजिटर व्हिसा, म्हणजे पाहुणा म्हणून परदेशी जायचा परवाना, याचा सगळा पेच या दोन अर्थांच्या मधल्या जागेत आहे. कुठल्याही देशाला पहिल्या अर्थाचा पाहुणा हवा असतो. त्यानं यावं, बघावं, पैसे खर्च करावेत आणि ठरल्या दिवशी जावं. दुसऱ्या अर्थाचा पाहुणा म्हटलं की कचेरी सावध होते. लग्न न झालेला, दूरदेशी राहणारा जोडीदार नेमका या दोहोंच्या मध्ये उभा असतो.

मी गेली बावीस वर्षं इथे नोटरीचं काम करतो. पूर्वी परदेशासाठी माझ्याकडे येणारे कागद म्हणजे शिकायला निघालेल्या मुलांच्या वडिलांची हमीपत्रं. अलीकडे निमंत्रणपत्रं, ‘आम्ही एकमेकांना अमुक वर्षांपासून ओळखतो’ अशी प्रतिज्ञापत्रं येऊ लागली. आणि दोन वर्षांपूर्वी माझी भाचीच फाइल घेऊन समोर बसली. तिचा जोडीदार युरोपातला. देशाचं नाव इथे घेत नाही. त्यानं सोलापूरला येऊन घरच्यांना भेटावं आणि तिनं तिकडे जाऊन त्याचं घर पाहावं, एवढीच दोघांची इच्छा होती. त्या निमित्तानं मी दोन्ही बाजूंचे नियम मुळातून वाचले.

सोलापुरात असा विषय निघाला की पहिलं नाव डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचंच येतं. सप्टेंबर १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांचं पथक मुंबईहून चीनला निघालं, त्यात ते होते. निवड झालेल्यांपैकी कलकत्त्याच्या डॉ. रणेन सेन यांना त्यांच्या राजकीय पूर्वेतिहासामुळे ब्रिटिश सरकारनं पासपोर्टच दिला नाही, म्हणून त्यांच्या जागी डॉ. विजयकुमार बसू गेले. त्या काळी मुख्य अडथळा आपल्याच सरकारनं बाहेर सोडण्याचा होता, हे लक्षात घेण्यासारखं आहे. कोटणीसांनी १९४१ मध्ये गुओ छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं. १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचं नाव यिनहुआ, म्हणजे भारत आणि चीन. त्याच वर्षी ९ डिसेंबरला डॉक्टर गेले. बायकोला सोलापूर दाखवणं राहूनच गेलं. गुओ पुढे भारतात आल्या त्या कोटणीसांची पत्नी म्हणून मानानं, सरकारी पाहुण्या म्हणून. ज्यांच्यामागे असं सरकार उभं नसतं, त्यांची वाट वेगळी असते.

आधी इकडे येण्याचं बघू. ते तुलनेनं सोपं आहे. नोव्हेंबर २०१४ पासून भारतानं पर्यटकांसाठी इंटरनेटवरून परवाना द्यायला सुरुवात केली. आज दीडशेहून जास्त देशांच्या नागरिकांना तो ई-व्हिसा मिळतो. त्याच्या हेतूंमध्ये स्थळदर्शनाबरोबर मित्र किंवा नातेवाइकांची अनौपचारिक भेटही बसते. जोडीदार अशी वेगळी नोंद नाही. लग्न झालं नसेल तर तो कायद्याच्या भाषेत ‘मित्र’, आणि तसं लिहिणं पूर्ण खरं आहे. भारतातला संदर्भ म्हणून नाव-पत्ता मागतात, तिथे यजमानाचा खरा पत्ता द्यावा. पासपोर्ट निदान सहा महिने चालणारा, त्यात दोन पानं कोरी. एक धोका मात्र सांगायलाच हवा. सरकारी संकेतस्थळासारखी दिसणारी, दुप्पट-चौपट पैसे उकळणारी बरीच संकेतस्थळं आहेत. भारत सरकारचा पत्ता नीट वाचून मगच कार्डाचा नंबर टाकावा. पाकिस्तानी पासपोर्ट असेल किंवा मूळ तिकडचं असेल, तर ही वाट बंद आहे. चिनी नागरिकांना तर पर्यटक व्हिसाच २०२० पासून जवळपास पाच वर्षं मिळत नव्हता, तो जुलै २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाला. म्हणजे मधल्या काळात कोटणीसांच्या गावातल्या एखाद्या मुलाची चिनी मैत्रीण त्यांचं स्मारक पाहायलासुद्धा येऊ शकली नसती.

पाहुणा मुंबईत उतरला, रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडून सकाळी सोलापूर स्टेशनवर आला, आणि आपण त्याला थेट घरी नेलं. इथे बहुतेक घरं एक गोष्ट विसरतात. हॉटेलवाल्यानं परदेशी गिऱ्हाइकाची माहिती चोवीस तासांत कळवायची असते, हे सगळ्यांना माहीत असतं. तेच बंधन घरी उतरवून घेणाऱ्यालाही आहे. पूर्वीचा १९४६ चा परकीय नागरिक कायदा जाऊन १ सप्टेंबर २०२५ पासून नवा कायदा लागू झाला, तरी हे कर्तव्य राहिलं. लोक अजून त्याला ‘फॉर्म सी’ म्हणतात, तो आता ऑनलाइन भरतात. माझ्या बहिणीचा पहिला प्रश्न होता, ‘पोलिसांत कशाला वर्दी द्यायची? चोर आहे का तो?’ चोर नाही म्हणूनच द्यायची. पुढे कधी मुदत वाढवायची वेळ आली किंवा लग्नाची नोंद करायची वेळ आली, तर ‘हा माणूस या काळात कुठे राहिला’ याचं उत्तर तोच कागद देतो.

लग्न इथेच करायचं ठरलं तर मुदतीचं गणित आधी मांडावं लागतं. दोघांचा धर्म किंवा नागरिकत्व वेगळं असेल तर साधारणपणे १९५४ चा विशेष विवाह कायदा लागतो. नोटीस देण्यापूर्वी दोघांपैकी एकानं निदान तीस दिवस त्या जिल्ह्यात राहिलेलं असावं लागतं. सोलापूरची मुलगी असेल तर ही अट आपोआप पुरी होते. पण नोटीस लागल्यावर हरकतींसाठी आणखी तीस दिवस थांबावं लागतं, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न लागलं पाहिजे, नाहीतर पुन्हा नोटीस. आता ई-व्हिसाचा सगळ्यात छोटा प्रकार तीस दिवसांचा. तो घेऊन आलेला नवरदेव आल्या दिवशी नोटीस देऊनही अक्षता पडायच्या आत परतीच्या विमानात असेल. म्हणून एक वर्षाचा किंवा पाच वर्षांचा प्रकार घ्यावा. त्याच्या देशाच्या वकिलातीकडून तो अविवाहित असल्याचा दाखला आधीच मागवून ठेवावा, त्याला वेळ लागतो. लग्नानंतर प्रवेश व्हिसाची सोय आहे, आणि नोंदवलेलं लग्न सलग दोन वर्षं टिकलं की ‘ओसीआय’ कार्डासाठी अर्ज करता येतो. समलिंगी जोडप्यांना ही शिडीच नाही. सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांच्या विवाहाला मान्यता देण्यास नकार दिल्यावर त्यांचा परदेशी जोडीदार भारतात कायम ‘मित्र’च राहतो.

खरी चढण आहे ती आपल्या माणसानं तिकडे जाण्याची. अमेरिकेचा १९५२ चा कायदा घ्या. त्यातलं कलम २१४ (बी) असं मानून चालतं की समोरचा प्रत्येक अर्जदार कायमचा राहायलाच आला आहे. तसं नाही हे त्यानं पटवायचं. गुन्हेगाराला मिळणारा संशयाचा फायदा इथे उलटा फिरतो. मुलाखत दोन-तीन मिनिटांची, बऱ्याचदा अधिकारी फाइल उघडतही नाही, आणि १८५ डॉलर परत मिळत नाहीत. युरोपातल्या शेंगेन देशांचा नियम शब्दांत सौम्य आहे. मुदत संपण्यापूर्वी परत जाण्याच्या इराद्याविषयी ‘वाजवी शंका’ असेल तर नकार. नकारपत्र म्हणजे छापील नमुना, त्यात चौकटीत खूण.

भाचीला अशीच एक खूण मिळाली. तिची फाइल मी पाहिली होती. त्यात तिच्या मित्राचं निमंत्रण होतं, दोघांचे फोटो, तीन वर्षांच्या संदेशांचे नमुने, त्याच्या आईचं पत्र, आणि तिच्या वडिलांचं पाचशेच्या स्टॅम्प पेपरवरचं हमीपत्र. प्रेम खरं आहे हे कुणालाही पटलं असतं. ‘मामा, एवढं सगळं देऊन शंका कसली?’ असं तिनं विचारलं. शंका त्या एवढ्या सगळ्यातूनच आली होती. व्हिजिटर व्हिसाचा अर्ज प्रेमाची परीक्षा घेतच नाही, तो परतीची घेतो. नातं जितकं घट्ट दिसेल, तितकं तिथे राहून जाण्याचं कारण मोठं. ज्या पुराव्यांवर पुढे पत्नी म्हणून अर्ज मंजूर होईल, तेच पुरावे पाहुणी म्हणून केलेल्या अर्जात विरोधात जातात.

यावर एजंट लोक सोपा उपाय सांगतात: मित्राचं नावच काढू नका, टूरवर चाललोय म्हणा. हा सल्ला ऐकू नये. खोटं उघड झालं तर ब्रिटनमध्ये दहा वर्षांची बंदी बसू शकते, अमेरिकेत आयुष्यभराची. आणि पुढे त्याच माणसाशी लग्न करून अर्ज केला की पहिला अर्ज बाहेर निघतोच. नातं लपवू नये. एका परिच्छेदात साधेपणानं सांगावं आणि उरलेली फाइल परतीवर बांधावी. नोकरीच्या ठिकाणची मंजूर रजा, रुजू व्हायच्या तारखेसकट. तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं. बँकेचं सहा महिन्यांचं खातं, त्यात अर्जाच्या आदल्या आठवड्यात कुणी काकांनी भरलेली मोठी रक्कम नको, ती लगेच डोळ्यांत येते. घर किंवा शेतीचा उतारा, आई-वडिलांची जबाबदारी असेल तर तिचा कागद. शेंगेनसाठी निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा. खर्च यजमान करणार असेल तर त्या त्या देशाची अधिकृत पद्धत असते. जर्मनीत यजमान आपल्या गावच्या परकीय नागरिक कचेरीत जाऊन रीतसर हमी देतो, आणि ती मोडली तर सरकार त्याच्याकडून वसुली करू शकतं. त्यापुढे माझ्या शिक्क्याच्या प्रतिज्ञापत्राला फारसं वजन नाही, हे मी माझ्या गिऱ्हाइकांना स्पष्ट सांगतो. धंद्याला बरं नाही, पण खरं आहे. पहिली भेट छोटी ठेवावी, दोन-तीन आठवड्यांची. एप्रिल २०२४ पासून युरोपीय संघानं भारतीयांसाठी सवलत दिली आहे. तीन वर्षांत दोन व्हिसे घेऊन ते नीट वापरले असतील तर दोन वर्षांचा, अनेक फेऱ्यांचा व्हिसा मिळू शकतो. म्हणजे वेळेवर परत आल्याची नोंद हाच पुढचा पुरावा.

नकार आल्यावर काय, हेही देशागणिक वेगळं. जर्मनीत फेरविचाराची विनाशुल्क विनंती करता येत असे. १ जुलै २०२५ पासून जगभरच्या तिथल्या कचेऱ्यांत ती सोय बंद झाली. आता नवा अर्ज, नाहीतर बर्लिनचं न्यायालय.

हा संशय अर्जातल्या चौकटीत येऊन बसण्याआधी कुठवर गेला होता, त्याचा एक दाखला देतो. २४ जानेवारी १९७९ ला लंडनच्या हीथ्रो विमानतळावर ३५ वर्षांची एक भारतीय शिक्षिका उतरली. तिथे राहणाऱ्या वाग्दत्त वराशी लग्न करायला ती आली होती. तीन महिन्यांत लग्न करणाऱ्या वाग्दत्त वधूला तेव्हा आगाऊ परवाना लागत नसे, आधीच लग्न झालेल्या बायकोला मात्र लागे. अधिकाऱ्याला वाटलं, ही वधू नसून बायको असावी. म्हणून तिची कौमार्य तपासणी करण्यात आली. ‘गार्डियन’नं बातमी छापल्यावर गदारोळ झाला आणि प्रकार थांबवण्यात आला. पुढे जुन्या सरकारी कागदांतून दिसलं की भारतीय उपखंडातल्या ब्रिटिश कचेऱ्यांत अशा किमान ८० तपासण्या झाल्या होत्या. त्यानंतरच्या दशकात ब्रिटननं परदेशी नवऱ्यांकडून लग्नाचा ‘मुख्य हेतू’ स्थलांतर नाही हे सिद्ध करून मागितलं. नसलेला हेतू सिद्ध कसा करायचा? ठरवून झालेली हजारो लग्नं त्यात अडकली. तो नियम १९९७ मध्ये गेला.

अमेरिकेत वाग्दत्तांसाठी वेगळा ‘के-१’ व्हिसा आहे. पोचल्यावर नव्वद दिवसांत लग्न करायचं. त्याची अट अशी की अर्जाआधीच्या दोन वर्षांत दोघांनी निदान एकदा प्रत्यक्ष भेटलेलं असावं. भेटण्यासाठी व्हिसा हवा आणि व्हिसासाठी भेट हवी, असा हा फेरा. तो बहुतेक वेळा तिकडच्यानं इकडे येऊनच सुटतो, कारण त्याच्या पासपोर्टाला आपलं दार लवकर उघडतं.

लग्नाच्या दाखल्याशिवायचं नातं सरकारी कागदावर ओळखलं जाऊ शकतं, हे एकदा दिसलं ते करोनात. २०२० मध्ये सीमा बंद झाल्या, विवाहित जोडप्यांना अपवाद मिळाला आणि बाकीचे दोन बाजूंना अडकले. त्यांनी जोर लावल्यावर डेन्मार्कनं आणि १० ऑगस्टपासून जर्मनीनं अविवाहित जोडीदारांना वाट दिली. दीर्घ नात्याची लेखी ग्वाही आणि आधीच्या भेटींचे पुरावे एवढ्यावर काम झालं. साथ ओसरली तशी ती वाटही मिटली, आणि ही माणसं पुन्हा ‘मित्र’ झाली.

भाचीची नवी तारीख दिवाळीनंतरच्या आठवड्यात आहे. या वेळी फाइल निम्म्यानं बारीक आहे. फोटो फक्त दोन ठेवलेत. एकात तिचा मित्र आमच्या ओसरीवर बहिणीशेजारी बसला आहे, शेंगाचटणीनं डोळ्यांत पाणी आलेलं. त्याच्यामागे त्याच्या इथल्या मुक्कामाच्या पोलीस नोंदीची प्रत जोडली आहे, म्हणजे तोही आला होता आणि वेळेवर परत गेला होता, एवढं तारखेनिशी दिसावं. रजेच्या पत्रात रुजू व्हायचा दिवस तिनं स्वतः ठळक करून घेतला.