चार वाजताची भूक

एरवी मी तुमच्याशी बचतीबद्दल आणि कर्जाच्या हप्त्यांबद्दल बोलते. आजचा विषय पोटाचा आहे. पण सुरुवात गटापासूनच करते, कारण सगळं निघालं तिथूनच.

भांगलणीचे दिवस होते. आमच्या एका गटातल्या ताई रानातच डोळ्यांपुढे अंधारी येऊन खाली बसल्या. अंगाला दरदरून घाम, हात थरथरत होते, जीभ अडखळत होती. बरोबरच्या बायांना वाटलं ऊन लागलं. कुणी कांदा फोडून नाकाला लावला, कुणी पदरानं वारा घातला. नशीब असं की त्या दिवशी आशाताई शेजारच्याच वावरात होत्या. त्या धावत आल्या आणि पहिला प्रश्न विचारला, "सकाळी शुगरची गोळी घेतली होती का?" घेतली होती. "आणि जेवण?" ते नव्हतं. वजन कमी करायचं म्हणून पंधरा दिवस रात्रीची भाकरी बंद, सकाळी नुसता कोरा चहा. गोळी मात्र न चुकता. चहासाठी आणलेल्या पुडीतली तीन चमचे साखर पाण्यात कालवून आशाताईंनी त्यांना पाजली. पंधरा मिनिटांत त्या माणसात आल्या.

साखर वाढण्याची भीती आपल्या सगळ्यांना असते. साखर उतरते आणि तीही जिवावर बेतू शकते, हे फार थोड्या जणींना माहीत असतं. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल आणि जेवण चुकवलं, तर रक्तातली साखर ७० च्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, धडधड, चिडचिड, काही सुचेनासं होणं, ही तिची लक्षणं. माणूस शुद्धीवर असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची, पंधरा मिनिटांनी बरं वाटलं नाही तर पुन्हा द्यायची, आणि मग भाकरी किंवा दुसरं काही पोटभर खायला द्यायचं. बेशुद्ध असेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालायचा नाही, श्वासनलिकेत जातो. सरळ १०८ ला फोन करायचा.

म्हणून पुढचं सगळं सांगायच्या आधी एक गोष्ट पक्की धरा. वजन उतरवायला उपाशी राहायचं नाही. जी बाई गोळी खाते, तिनं तर नाहीच नाही.

पुढच्या बैठकीत मी वेगळाच उद्योग केला. तेरा जणी होत्या. प्रत्येकीला विचारलं, काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय खाल्लं ते आठवून सांगा. इतिवृत्ताच्या वहीच्या शेवटच्या पानांवर सगळं लिहून काढलं. सकाळी चहा आणि बिस्किटं, नाहीतर रात्रीची चपाती चहात बुडवून. अकराला भाकरी आणि ठेचा, कधी कोरड्यास, कधी नुसती चटणी. चारला चहा आणि टोस्ट. रात्री रेशनच्या तांदळाचा भात आणि पातळ कालवण. एक सोडून बहुतेक सगळ्या म्हणाल्या, "ताई, दिवसभर खातोच की, तरी चार वाजता पोटात कावळे ओरडतात."

हे का होतं ते नीट समजून घेऊ. भात, भाकरी, चपाती, पोहे, बटाटा, या सगळ्यातला मोठा भाग स्टार्च असतो. पोटात गेला की त्याची साखरच होते. ती किती वेगानं होते हा खरा प्रश्न. चुलीत पाचट टाकलं तर क्षणात भडका उडतो आणि भाकरी भाजायच्या आत राख होते. बाभळीचं लाकूड सावकाश धरतं आणि तासभर आच देतं. चहा-बिस्किट, नुसता भात, साबुदाणा हे पाचटासारखं. साखर भरकन चढते, ती उतरवायला शरीर इन्सुलिन सोडतं, आणि दोन-तीन तासांत पुन्हा भूक. लाकडाचं काम करतात तीन गोष्टी: डाळी-कडधान्यं, अंडी, दूध-दह्यातली प्रथिनं, पालेभाज्या आणि न चाळलेल्या पिठातला चोथा, आणि ज्याला चावावं लागतं असं कुठलंही अन्न. ही पोटातून हळूहळू पुढं सरकतात, त्यामुळं भरल्यासारखं जास्त वेळ वाटतं.

यावर ऑस्ट्रेलियात सिडनी विद्यापीठात १९९५ साली एक मजेशीर प्रयोग झाला होता. ३८ पदार्थ घेतले, प्रत्येकाचं ताट सारख्याच उष्मांकाचं केलं, आणि खाणाऱ्यांना दोन तास दर पंधरा मिनिटांनी विचारलं, किती भूक आहे. पहिला नंबर कुणाचा यावा? उकडलेल्या बटाट्याचा. मैद्याच्या पावाच्या तिपटीहून जास्त पोट भरलं. आणि त्याच बटाट्याचे तळलेले वेफर्स? पावापेक्षाही खाली. बटाटा तोच, तेलात घातला आणि त्यातलं पाणी उडालं की त्याची पोट भरायची ताकद गेली.

पण थांबा, लगेच बटाट्याचं पोतं उघडू नका. उकडलेल्या बटाट्यानं पोट भरतं, पण साखरही चटकन चढते. पोट भरणं ही एक गोष्ट आणि साखर स्थिर राहणं ही दुसरी. शेंगदाण्याचं उलटं आहे. साखर चढत नाही, भूकही मारतो, पण १०० ग्रॅम शेंगदाण्यात ५०० च्या वर उष्मांक आहेत. बसल्याबसल्या परातभर शेंगा फोडून खाल्ल्या तर वजन काय उतरणार? मूठभर पुरे. आपल्याला हवं ते अन्न दोन्हीत बसणारं, आणि ते आपल्याच फडताळात आहे. मटकी, हुलगा, हरभरा, मूग, चवळी. अंडं. ताक, दही. मेथी, शेपू, तांदुळजा, अंबाडी, घेवडा, दोडका, गवार.

आता भाकरीचं बोलू, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथं आहे. २०२३ हे भरडधान्यांचं वर्ष म्हणून जगभर पाळलं, तेव्हापासून कुणी म्हणतं ज्वारी खा म्हणजे शुगर जाते. जात नाही. पॉलिश केलेल्या तांदळात १०० ग्रॅममागं चोथा ३ ग्रॅमही नाही, ज्वारीत १० ग्रॅमच्या आसपास आहे, म्हणून ज्वारी चांगलीच. बाजरीही चांगली. पण तिचंही पीठच होतं, आणि पिठाची साखरच होते. प्रश्न किती खाल्ली याचा.

आमचा एक गट मसाला करतो, त्यांच्याकडं वजनकाटा आहे. मी तिघींना सांगितलं, नेहमीच्या हातानं एकेका भाकरीचं पीठ काढा. एकीचं भरलं ६० ग्रॅम, दुसरीचं ८५, आणि तिसरीचं ११०! तिघीही डॉक्टरांना सांगत होत्या, "दोनच भाकरी खाते." पहिलीच्या दोन म्हणजे १२० ग्रॅम पीठ, तिसरीच्या दोन म्हणजे २२०. तुम्हीही एकदा किराणा दुकानात नेऊन पीठ तोलून बघा. मग भाकरी सोडायची गरज नाही. हात थोडा आवरता घ्यायचा, आणि जी जागा रिकामी झाली तिथं उसळ आणि भाजी आणायची. ताटाचा अर्धा भाग भाजी, पाव भाग उसळ, घट्ट वरण नाहीतर अंडं, आणि पाव भागात भाकरी किंवा भात. आधी भाजी-उसळीचे घास, मग भाकरी. भाकरीआधी ते पोटात गेलं की साखर सावकाश चढते.

उसळ म्हटलं की बायका म्हणतात, डाळ महाग झाली. खरं आहे. पण हिशोब करू, हिशोब आपल्याला येतो. मूठभर म्हणजे ३० ग्रॅम कोरड्या मटकीतून ६-७ ग्रॅम प्रथिनं मिळतात, एका अंड्याइतकी. भिजवून मोड आणले की ती मूठ वाटीभर होते. ५५ किलो वजनाच्या बाईला दिवसाला साधारण ४५ ग्रॅम प्रथिनं लागतात. अडीचशे ग्रॅम ज्वारीच्या पिठातून २५ मिळतात. उरलेली वीस आणायची तर दोन मुठी कडधान्य, एक अंडं आणि तांब्याभर ताक नको का? ताकाऐवजी वाटीभर दही घेतलं तर आणखी बरं. आणि वरण एवढं पातळ करायचं की त्यात चेहरा दिसावा, तर त्या वाटीत डाळ किती? दोन चमचे.

आता जे सांगते त्यावर घरातले कदाचित नाराज होतील. त्या तेरा जणींपैकी अकरा जणी सगळ्यांच्या शेवटी जेवतात. अंडी पोरांना. मटकी धन्याच्या डब्यात. आपल्या वाट्याला तळातलं कालवण, उरलेला भात, आणि फेकायला नको म्हणून पातेल्यातला आणखी भात. वजन वाढतं त्या भातानं, आणि चारची भूक येते त्या नसलेल्या उसळीमुळं. एक मावशी म्हणाल्या, "मी काय कचऱ्याचा डबा आहे का गं, उरलं की माझ्या पोटात?" सगळ्या हसल्या, मग गप्प झाल्या. माझं म्हणणं एवढंच, वाढायला घेण्याआधी आपली एक वाटी उसळ बाजूला काढून झाकून ठेवा. सासूबाईंचीही ठेवा. शुगर बहुतेक त्यांनाच असते.

चहाचं लवकर उरकते, कारण तुम्हाला माहीत आहे. पाच कप, दोन-दोन चमचे, म्हणजे ५० ग्रॅम साखर. एकदम बंद करू नका, दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा, जीभ वळते. गूळ घालते म्हणजे चालतं, असं म्हणू नका. गूळही साखरच आहे, शुगरच्या माणसाला दोन्ही सारखंच. चारच्या चहाबरोबर टोस्टऐवजी मूठभर फुटाणे खाऊन बघा. आमच्या सात जणींनी महिनाभर एवढं एकच बदललं. रात्री जेवताना हावरटासारखं होत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं.

उपवास. साबुदाणा होतो टॅपिओकाच्या कंदापासून. त्यात प्रथिनं आणि चोथा जवळजवळ नाहीतच, नुसता स्टार्च. खिचडीत वर बटाटा, तूप. म्हणजे उपवासाच्या दिवशी साखर सगळ्यात जास्त उड्या मारते. राजगिऱ्याची भाकरी, वाटीभर दही, काकडी, थोडी दाण्याची आमटी, हा फराळ बरा. देवाचं मी कुणाला सांगणार नाही, मी स्वतः एकादशी धरते. पण गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्या बाईनं उपवासाच्या आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास धरू नये, आणि निर्जळी तर नकोच.

एका गावात गटाच्या बैठकीत वजन उतरवायच्या पावडरचे डबे विकायला एक बाई आल्या होत्या. डबा अडीच हजारांना, जेवणाऐवजी दुधात घालून प्यायचा. दोघींनी गटातून कर्ज काढून घेतला. डबा संपला, जेवण सुरू झालं, वजन परत जागेवर. हप्ते अजून चालू आहेत.

किती उतरवायचं? महिन्याला दीड-दोन किलो भरपूर झालं. कमरेला टेप लावा. बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या, म्हणजे साडेएकतीस इंचांच्या आत असावी. सत्तर किलोच्या बाईला पन्नास व्हायची गरज नाही. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, ज्यांची साखर काठावर होती अशांना वजन ७ टक्के उतरवायचं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालायचं एवढंच ध्येय दिलं होतं. तीनेक वर्षांत त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. सत्तर किलोचे सात टक्के म्हणजे पाच किलो. रानात राबतो ते वेगळं. रात्री जेवून लगेच आडवं होण्याऐवजी पंधरा मिनिटं गल्लीतून फेरी मारा, दोघी-तिघी मिळून. जेवणानंतरची साखर त्यानं खाली येते.

ज्यांना मूत्रपिंडाचा त्रास आहे किंवा ज्या गरोदर आहेत, त्यांनी हे बदल डॉक्टरांना विचारूनच करावेत.

आपल्या देशात दहा कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे, आणि काठावरचे तेरा कोटींहून अधिक, असं २०२३ च्या मोठ्या पाहणीत दिसलं. काठावर असताना काहीच दुखत नाही. उपाशीपोटी १०० च्या आत असेल तर ठीक, १०० ते १२५ म्हणजे काठावर, १२६ किंवा जास्त आली तर पुन्हा तपासून डॉक्टरांकडं जायचं. तीस वर्षांवरच्या प्रत्येकीची तपासणी उपकेंद्रात फुकट होते, आशाताई त्याचा फॉर्म भरून घेतात.

आमच्या गटांनी ठरवलंय, पुढच्या महिन्याच्या बैठकीआधी सगळ्यांनी सकाळी उपाशीपोटी उपकेंद्रात जायचं. तुमच्या गटानंही तारीख ठरवा. जाताना चालू गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या, आणि तपासणी झाल्यावर लगेच खायला भाकरी आणि मटकीचा डबा. गोळी त्या जेवणाबरोबर घ्या, त्याआधी नाही.