सहीमागची माणसं : इंजिनिअरांच्या संस्थेत कोण काय काम करतं?



सोलापुरात इंजिनिअरिंगवर व्याख्यान म्हटलं की लोकांना वाटतं, उजनी धरणावर बोलणार, नाहीतर गिरण्यांवर, नाहीतर साखर कारखान्यांवर. आज तसं नाही. आज आम्ही बोलणार आहोत इंजिनिअरच्या नावापुढच्या अक्षरांवर. लेटरहेडवर, नकाशाच्या कोपऱ्यात, रबरी शिक्क्यावर आपण ती बघतो. ए.एम.आय.ई., एम.आय.ई., एफ.आय.ई., चार्टर्ड इंजिनिअर. ही अक्षरं देतं कोण? कुठल्या टेबलावर ती ठरतात, आणि त्या टेबलामागे बसलेली माणसं काय शिकलेली असतात?

विषय ऑफिसातला आहे, जरा कोरडा वाटेल. पण कुणाचं प्रमोशन, कुणाच्या घराचा स्लॅब आणि कुणाचं मशिनरीचं कर्ज या टेबलांवर अवलंबून असतं. म्हणून थोडा धीर धरा.

आधी कायद्याची गोष्ट

आपल्याकडे वकिलांसाठी 1961 चा अॅडव्होकेट्स अॅक्ट आहे. आर्किटेक्टसाठी 1972 चा कायदा आहे, त्यातून कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर आली. चार्टर्ड अकाउंटंटची संस्था 1949 च्या कायद्याने उभी राहिली. डॉक्टरांसाठी नॅशनल मेडिकल कमिशन आहे. म्हणजे या माणसांना धंदा करायचा तर कायद्याने नेमलेल्या नोंदवहीत नाव लागतं.

इंजिनिअरचं काय? सगळ्या इंजिनिअरांची सक्तीची नोंदणी करणारा असा एक केंद्रीय कायदा भारतात नाही. डिग्री घेतली की माणूस स्वतःला इंजिनिअर म्हणवतो, आणि त्याला कोणी अडवत नाही.

इतर देशांतही सुरुवातीला हेच होतं. अमेरिकेत इंजिनिअरला लायसन्स लावणारा पहिला कायदा 1907 साली वायोमिंग राज्यात झाला. कारण ऐकलं तर आपल्या सोलापूरकरांना लगेच पटेल. कारण होतं पाणी. सरकारी पाणी मिळवण्यासाठी जे अर्ज आणि नकाशे येत होते, त्यांवर वकील, नोटरी, कोणीही इंजिनिअर म्हणून सही ठोकत होतं. दुष्काळी मुलखात पाण्याचा खोटा नकाशा म्हणजे शेजाऱ्याच्या तोंडचं पाणी पळवणं. तेव्हा तिथल्या स्टेट इंजिनिअरने ठरवलं की सही करणारा खरा इंजिनिअर आहे का, हे आधी बघायचं.

आपल्याकडे ही जागा बऱ्याच अंशी भरून काढली ती एका व्यावसायिक संस्थेने. तिचं नाव द इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स, इंडिया.

संस्था कशी उभी राहिली

पहिल्या महायुद्धाच्या काळात, 1916 ते 1918, सर थॉमस हॉलंड यांच्या अध्यक्षतेखाली भारतीय औद्योगिक आयोग काम करत होता. देशात इंजिनिअरांची स्वतःची संस्था हवी, हा विचार त्या काळात पुढे आला. 1920 साली मद्रासमध्ये संस्थेची नोंदणी झाली. फेब्रुवारी 1921 मध्ये कलकत्त्यात व्हाइसरॉय लॉर्ड चेम्सफर्ड यांच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. 1935 मध्ये तिला राजसनद मिळाली. 'चार्टर्ड इंजिनिअर' या शब्दातलं 'चार्टर्ड' म्हणजे ही सनद. नमुना अर्थातच लंडनचा होता. तिथली सिव्हिल इंजिनिअरांची संस्था 1818 ची, आणि तिला सनद मिळाली 1828 मध्ये.

आज आपल्या संस्थेचं मुख्यालय कोलकात्याला गोखले रोडवर आहे. सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकलपासून खाणकाम, शेती आणि टेक्स्टाइलपर्यंत तिच्या 15 शाखा आहेत. टेक्स्टाइल स्वतंत्र शाखा आहे, हे चादरी आणि टॉवेलच्या या गावात मुद्दाम सांगायला हवं.

दोन प्रकारची माणसं

आता मुख्य मुद्द्याला येऊ. अशा संस्थेत दोन प्रकारची माणसं काम करतात. बाहेरच्याला ती सगळी 'संस्थेचे लोक' म्हणून एकच दिसतात, आणि गोंधळ इथेच होतो.

पहिला प्रकार निवडून आलेल्यांचा. अध्यक्ष, कौन्सिलचे सदस्य, शाखांच्या मंडळांचे सदस्य, राज्य केंद्राचे आणि स्थानिक केंद्राचे चेअरमन, मानद सचिव. 'मानद' म्हणजे बिनपगारी. ही माणसं मूळची कुठली असतात? कोणी पाटबंधारे खात्यातून मुख्य अभियंता म्हणून निवृत्त झालेलं, कोणी कॉलेजात प्राध्यापक, कोणी सल्लागार, कोणी कारखान्यातलं. स्वतःचं काम सांभाळून ती वेळ देतात. मुदत संपली की जागा दुसऱ्याला देतात. धोरण ही ठरवतात. कोणाला सभासद करायचं, कोणत्या दर्जाचं करायचं, आचारसंहिता मोडली तर काय करायचं, हे यांच्या हातात.

दुसरा प्रकार पगारी कर्मचाऱ्यांचा. यांचा प्रमुख म्हणजे सचिव व महासंचालक. पदाच्या नावात सचिव असलं तरी स्थानिक केंद्रातल्या मानद सचिवासारखं हे पद नाही, बरं का. हा पूर्ण वेळ नेमलेला मुख्य कार्यकारी अधिकारी. अध्यक्ष बदलले तरी ऑफिस चालू ठेवायचं काम त्याचं. लग्नघरात यजमान मांडवात बसलेले असतात आणि कोठीच्या किल्ल्या सांभाळणारा माणूस वेगळा असतो, तसं समजा. पाहुणे यजमानांना भेटतात, पण तूप कुठे ठेवलंय ते किल्लीवाल्यालाच ठाऊक.

टेबलं कोणती, माणसं कशी

एकेक टेबल बघू.

सभासदत्वाचं टेबल. इथे अर्ज येतो, डिग्रीची प्रत येते, अनुभवाचे दाखले येतात. इथला कर्मचारी इंजिनिअर असेलच असं नाही. बरेचदा तो कॉमर्सचा किंवा आर्ट्सचा पदवीधर असतो. पण कुठल्या विद्यापीठाची पदवी मान्य, कुठला दाखला अपुरा, हे त्याला सरावाने कळतं. फेलो व्हायचं तर शिक्षणाशिवाय जबाबदारीच्या पदावरचा अनेक वर्षांचा अनुभव लागतो, आणि अर्जात लिहिलेलं पद खरंच जबाबदारीचं होतं का, याची पहिली चाळणी इथे लागते. अंतिम निर्णय निवडून आलेल्या इंजिनिअरांच्या समितीचा.

परीक्षेचं टेबल. संस्थेची परीक्षा दोन भागांची, सेक्शन ए आणि सेक्शन बी. इथे शिक्षणक्षेत्रातून आलेले इंजिनिअर लागतात, कारण अभ्यासक्रम, प्रश्नपत्रिका, प्रोजेक्ट हे सगळं विषय कळल्याशिवाय होत नाही. आणि त्यांच्याबरोबर गुप्तता पाळणारे, निकालाचे तक्ते चोख ठेवणारे कर्मचारीही लागतात.

तांत्रिक टेबल. परिसंवाद, व्याख्यानं, नियतकालिकं यांचं काम इथे चालतं. संस्थेचं जर्नल पाच मालिकांत निघतं, त्यातली 'ई' मालिका केमिकल आणि टेक्स्टाइलची. इथली माणसं इंजिनिअरिंगची पदवी, पदव्युत्तर पदवी घेतलेली हवीत, कारण लेख कोणाकडे तपासायला पाठवायचा हे त्यांनी ओळखायचं असतं.

हिशेबाचं टेबल. सभासदांची वर्गणी, परीक्षेची फी, इमारतींची देखभाल. इथे अकाउंट्सचं शिक्षण घेतलेला माणूसच हवा. पूल बांधणाऱ्याला ताळेबंद जमतोच असं नाही, आणि ते मान्य करण्यात कमीपणा नाही.

आणि शेवटी स्थानिक केंद्राचं टेबल. महाराष्ट्राचं राज्य केंद्र मुंबईत आहे. पुणे, नागपूर, कोल्हापूर अशा शहरांत स्थानिक केंद्रं आहेत. स्थानिक केंद्रात पगारी माणसं मोजकीच असतात. फोन तोच उचलतो, फॉर्म तोच देतो आणि 15 सप्टेंबरला विश्वेश्वरय्यांच्या जयंतीचा, म्हणजे अभियंता दिनाचा, हॉलही तोच लावतो, असाही माणूस भेटतो. डिप्लोमा झालेला पोरगा पहिल्यांदा येऊन "सर, पुढं काय करू?" असं विचारतो, ते याच माणसाला. त्याने नीट सांगितलं तर पोराची वर्षं वाचतात. त्याने अंदाजाने सांगितलं तर वर्षं जातात.

एका तारखेची किंमत

हे आम्ही उगाच वाढवून सांगत नाही. उदाहरण घ्या. नोकरी करता करता इंजिनिअर होण्याची वाट म्हणून कित्येक डिप्लोमाधारकांनी या संस्थेची परीक्षा दिली. दिवसा कारखान्यात, वीज मंडळात, पाटबंधारे खात्यात काम आणि रात्री अभ्यास. परीक्षेच्या दोन्ही सेक्शन पास झालं की केंद्र सरकारच्या नोकरीसाठी ती पात्रता पदवीच्या बरोबरीची धरली जात होती.

पुढे धोरण बदललं. 31 मे 2013 पर्यंत ज्यांची नोंदणी झाली, त्यांच्यासाठी ही बरोबरी कायम राहिली. त्यानंतर नोंदणी करणाऱ्याला तिच्यावर विसंबता येत नाही. म्हणजे दोन माणसं शेजारी बसून तोच पेपर देत असतील, दोघांना सारखेच मार्क मिळाले असतील, तरी बढतीच्या फाइलमध्ये दोघांचा निकाल वेगळा. आणि फरक कशाचा? नोंदणीच्या तारखेचा. ती तारीख नोंदवहीत लिहिणारा कर्मचारी, आणि दहा वर्षांनी खात्याने पत्र पाठवून विचारल्यावर ती शोधून काढणारा कर्मचारी, या दोघांवर एका संसाराचा पगार अवलंबून असतो.

आणखी एक खाचखळगा सांगतो. ए.एम.आय.ई. ही अक्षरं दोन वाटांनी मिळतात. एक, परीक्षा पास होऊन. दुसरी, आधीच बी.ई. असलेल्याने असोसिएट मेंबर होऊन. अक्षरं तीच, वाट वेगळी. म्हणून व्हिजिटिंग कार्डावरून काही ठरवू नका, प्रमाणपत्र वाचा. त्यावर काय लिहिलंय ते महत्त्वाचं.

तुमच्या घरापर्यंत

आता कोणी म्हणेल, आम्ही इंजिनिअर नाही, आम्हाला काय त्याचं? तर तुम्ही जुळे सोलापुरात घर बांधायला काढलंय असं समजा. महापालिकेत नकाशा द्यायचा तर सही परवानाधारक माणसाची लागते. परवाना देते महापालिका, पण कोणाला द्यायचा याचे निकष राज्याच्या 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत आहेत. त्यात पदवी-पदविकेबरोबर या संस्थेचं सभासदत्वही पात्रता म्हणून धरलं आहे. म्हणजे पालिकेचा नियम कोलकात्याच्या नोंदवहीवर टेकून उभा आहे. नोंदवही ढिली, तर तुमचा स्लॅब ज्याच्या सहीने पडतो ती सहीही ढिली.

दुसरं उदाहरण मागांचं. परदेशातून वापरलेली मशिनरी आणायची तर कस्टम्सला चार्टर्ड इंजिनिअरचा दाखला लागतो. मशीन कोणत्या साली बनलं, अजून किती वर्षं चालेल, आजची किंमत काय. त्या दाखल्यावर ड्युटी ठरते. तसाच दाखला बँकही मागते. एखाद्याने न बघता सही केली तर कारखानदाराच्या गळ्यात भंगार पडतं आणि हप्ते मात्र नव्या मशीनसारखे चालू राहतात.

मर्यादाही सांगायला हवी

संस्था पोलिस नाही. आचारसंहिता मोडणाऱ्या सभासदाचं सभासदत्व ती काढून घेऊ शकते, पण त्याची डिग्री काढून घेऊ शकत नाही, आणि सभासद नसलेल्यावर तर तिचा काहीच अधिकार चालत नाही. कायद्याने उभ्या असलेल्या कौन्सिलमध्ये आणि सनदेवर उभ्या असलेल्या संस्थेमध्ये हा फरक राहणारच. सनद संस्थेला मान देते. तो मान टिकतो रोजच्या कामाने. अर्ज नीट तपासला गेला का, तारीख बरोबर लिहिली का, चुकीचा दाखला परत पाठवायची हिंमत टेबलावरच्या माणसाने दाखवली का, यावर.

म्हणून विद्यार्थ्यांना, कारखानदारांना आणि घर बांधणाऱ्यांना तीन गोष्टी सांगून थांबतो.

एक. धोरणाचा प्रश्न असेल तर निवडून आलेल्या माणसाला विचारा, नोंदीचा प्रश्न असेल तर ऑफिसला विचारा. मानद सचिव भला माणूस असला तरी तुमच्या नोंदणीची तारीख त्याला तोंडपाठ नसते.

दोन. उत्तर तोंडी घेऊ नका, लेखी घ्या. परीक्षेची फी भरायच्या आधी, "ही पात्रता मला पाहिजे त्या नोकरीला चालेल का?" हे संस्थेलाही लेखी विचारा आणि ज्या खात्यात जायचंय त्या खात्यालाही.

तीन. शिक्का बघून सहीवर विश्वास ठेवू नका. सभासद क्रमांक मागा आणि तो पडताळून घ्या. खरा इंजिनिअर त्याने रागावत नाही. उलट, त्याने मेहनतीने मिळवलेली अक्षरं कोणीतरी वाचली, म्हणून त्याला बरंच वाटतं.

आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्यांनी जरा मोठ्याने विचारा.