धोक्याची घंटा : निवड आणि निगा

बँकेच्या शाखेत काम केलेल्या प्रत्येकाला एक नोंदवही ठाऊक असते. धोक्याची घंटा ठरलेल्या दिवशी वाजवून पाहायची, ती नीट वाजल्याची नोंद करायची आणि खाली अधिकाऱ्याने सही करायची. नव्याने रुजू झालेल्या कर्मचाऱ्याला हा निव्वळ सोपस्कार वाटतो. परंतु महिनोन् महिने न वाजलेली घंटा नेमक्या प्रसंगी वाजेलच, याची हमी कोण देणार? आज हीच यंत्रणा घराघरांत येऊ लागली आहे. यंत्र आले, त्यामागची शिस्त मात्र बहुतेक घरांत आलेली नाही.

आधी घर पाहावे

अलार्म चोराला अडवीत नाही. तो केवळ वर्दी देतो. अडविण्याचे काम दार, कडी-कोयंडा, कुलूप आणि खिडकीचे गज यांचे आहे. म्हणून विक्रेत्याला बोलावण्यापूर्वी आपणच घराभोवती एक फेरी मारावी. मुख्य दाराला भक्कम सेफ्टी डोअर बसविले जाते. पण स्वयंपाकघराची बाल्कनी, न्हाणीघराची काचपट्ट्यांची खिडकी आणि गच्चीचे दार दुर्लक्षित राहते. या उणिवा आधी दूर कराव्यात, मगच यंत्राचा विचार करावा.

यंत्रणा कशी चालते

विजेवर चालणाऱ्या घरफोडीच्या अलार्मचे पेटंट अमेरिकेतील ऑगस्टस पोप यांना १८५३ मध्ये मिळाले. दार उघडताच विद्युतमंडल जोडले जाऊन घंटा वाजावी, अशी ती योजना होती. आजच्या तारेच्या यंत्रणेत बहुधा याच्या उलट मांडणी असते. चौकटीवर एक स्विच आणि दारावर लोहचुंबक असतो. दार बंद असेपर्यंत मंडल अखंड राहते. ते उघडले की तुटते आणि भोंगा वाजतो. त्यामुळे कोणी तार कापली तरीही वर्दी मिळते.

दुसरा महत्त्वाचा भाग म्हणजे हालचाल टिपणारा सेन्सर. माणसाच्या शरीरातून बाहेर पडणाऱ्या अवरक्त उष्णताकिरणांतील बदल तो ओळखतो. तो साधारण सात फूट उंचीवर, खोलीच्या कोपऱ्यात बसवावा. त्याचे तोंड उन्हाच्या खिडकीकडे, गॅसच्या शेगडीकडे किंवा वातानुकूलन यंत्राच्या झोताकडे नसावे. अन्यथा विनाकारण भोंगा वाजतो. घरात मांजर किंवा कुत्रा असल्यास विक्रेत्याला आधीच सांगावे. एक गोष्ट ध्यानी ठेवावी : हा सेन्सर काचेपलीकडचे पाहू शकत नाही. खिडकीबाहेर उभा असलेला माणूस त्याला कळत नाही. म्हणून दारे-खिडक्यांवरील चुंबकी स्विच आणि आतला हालचालीचा सेन्सर, अशी दुहेरी योजना उत्तम.

बांधकाम किंवा नूतनीकरण चालू असेल, तर तारेची यंत्रणा घ्यावी. राहत्या घरात भिंती फोडायच्या नसतील, तर बिनतारी यंत्रणा सोयीची. मात्र तिच्या प्रत्येक सेन्सरमधील बॅटरी वेळच्या वेळी बदलावी लागते.

खरेदी करताना

निदान दोन विक्रेत्यांकडून लेखी दरपत्रक घ्यावे. किमतीइतकेच महत्त्वाचे प्रश्न पुढे आहेत. वीज गेल्यावर यंत्रणा किती तास चालते? संदेश सिमकार्डावरून जातो की केवळ वाय-फायवरून? वीज जाताच राउटर बंद पडत असेल, तर निव्वळ वाय-फायवर विसंबणे धोक्याचे. वार्षिक देखभाल करारात काय येते? बिघाड झाल्यास माणूस किती दिवसांत येतो? ही उत्तरे कागदावर असावीत.

शिस्त हीच खरी सुरक्षा

महिन्यातून एकदा प्रत्येक दार उघडून, प्रत्येक खोलीत चालून यंत्रणा तपासावी आणि तारीख एका वहीत लिहावी. वीज बंद करून बॅटरीवर भोंगा वाजतो का, हेही पाहावे. पॅनेलमधील बॅटरी काही वर्षांनी क्षीण होतेच. सिमकार्डाचे रिचार्ज संपले, तर भोंगा वाजेल, पण फोन जाणार नाही. ही मुदत त्याच वहीत नोंदवावी.

कारखान्यातून आलेला सांकेतिक क्रमांक पहिल्याच दिवशी बदलावा. जन्मवर्ष किंवा सदनिकेचा क्रमांक ठेवू नये. घरातील कामाची व्यक्ती बदलली की क्रमांकही बदलावा. रात्री घरात वावरता यावे आणि दारे-खिडक्या मात्र जागत्या राहाव्यात, अशी निराळी सोय बहुतेक यंत्रणांत असते. ती घरातील सर्वांना शिकवावी. एकट्या राहणाऱ्या वृद्धांसाठी तातडीचे बटण पलंगाशेजारी हात पोहोचेल असे असावे. ते चोवीस तास चालू राहील अशी जोडणी करून घ्यावी.

लॉकरला पर्याय नव्हे

अलार्म बसविला म्हणून सारे दागिने कपाटात आणून ठेवणे शहाणपणाचे नाही. लॉकरचेही गणित मात्र समजून घ्यावे. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची अफरातफर यांमुळे नुकसान झाल्यास बँकेचे दायित्व वार्षिक भाड्याच्या शंभरपट इतके असते. भाडे ३,००० रुपये असेल, तर ही रक्कम ३ लाख रुपये होते. ऐवज त्याहून मोठा असल्यास स्वतंत्र विम्याचा विचार करावा.

हाक ऐकणारा कोण?

भोंगा म्हणजे शेजाऱ्याला मारलेली हाक होय. तो दोन-तीनदा उगाच वाजला, तर चौथ्या वेळी कोणी दार उघडून पाहणार नाही. म्हणून चुकीचा इशारा मिळताच कारण शोधावे आणि शेजाऱ्यांना ते सांगावे. यंत्रणेत नोंदविलेला पहिला दूरध्वनी क्रमांक परदेशातील मुलाचा नसावा. तो त्याच इमारतीतील विश्वासू व्यक्तीचा असावा. वर्दी मिळाल्यावर तिने एकट्याने घरात शिरू नये. ११२ क्रमांकावर पोलिसांना कळवावे, रखवालदाराला व इतरांना जमवावे.

दिवाळीच्या सुटीसाठी किंवा दीर्घ यात्रेसाठी घर बंद करण्यापूर्वी शेजाऱ्यांना बोलावून भोंगा एकदा वाजवून दाखवावा. आवाज कोणता आणि तो ऐकल्यावर काय करायचे, हे त्यांना ठाऊक असले पाहिजे. ते प्रवासाला निघतील, तेव्हा त्यांच्या घराकडे तितक्याच आस्थेने लक्ष ठेवण्याचे काम आपले.