खोडलेल्या विशेषणांच्या जागी

कोशातल्या नोंदीत प्रचारकी भाषा बहुधा विशेषणातून शिरते, आणि ते विशेषण लिहिणाऱ्याला मनापासून खरे वाटत असते. वर्धा जिल्ह्यावरच्या नोंदी लिहिताना ही अडचण फार जाणवते. शिक्षणसंस्थांच्या माहितीपत्रकांतून आलेली ‘नामांकित’, ‘सुसज्ज’, ‘अल्पावधीत नावारूपाला आलेली’ ही विशेषणे लगेच ओळखू येतात आणि विनासायास गळतात. सेवाग्राम, पवनार, गांधी, विनोबा, जमनालाल बजाज या नावांभोवतीची स्तुती मात्र श्रद्धेतून आलेली असते. ती खोडताना संपादकाचा हात अडखळतो.

पवनारच्या नोंदीचा पहिला खर्डा बहुतेक वेळा अशा वाक्याने सुरू होतो: ‘धाम नदीच्या रम्य तीरावर वसलेले पवनार हे ऐतिहासिक वारसा लाभलेले, असंख्य भाविकांचे श्रद्धास्थान आहे.’ यातून वाचकाच्या हाती लागते ती फक्त नदी. रम्य कोणाला, असंख्य म्हणजे किती, वारसा कोणत्या काळाचा, हे प्रश्न समासात लिहिले जातात आणि त्यांची उत्तरे शोधता शोधता नोंद भरत जाते. विनोबा भावे १९३८ मध्ये येथे राहायला आले. आश्रमाच्या जमिनीत काम करताना जुनी शिल्पे मिळाली; त्यांतले एक भरत-राम भेटीचे मानले जाते. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर ती हीच, असे मत वा. वि. मिराशी यांनी मांडले. १९६७ मध्ये नागपूर विद्यापीठाने येथे उत्खनन केले. पुढे रामटेकजवळच्या मनसर येथे उत्खनन झाल्यावर प्रवरपूर तिथे असावे, असे काही संशोधकांनी म्हटले. ‘ऐतिहासिक वारसा’ खोडल्यावर त्या जागी हा सगळा वाद येतो. त्यात ‘मिराशी यांच्या मते’ हे शब्द ठेवावेच लागतात. ते गाळले की एका विद्वानाचे अनुमान कोशाचा निकाल होऊन बसते.

सर्वात चिवट शब्द ‘पहिले’. जुलै १९२८ मध्ये जमनालाल बजाज यांनी वर्ध्यातले आपल्या घराण्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी खुले केले. बहुतेक खर्ड्यांत यापुढे ‘देशातील पहिले मंदिर’ येते. तसे ठामपणे लिहायचे तर १९२८ पूर्वी देशात कुठेही असे घडले नाही, हे दाखवावे लागेल. तेवढा पुरावा हाती नसेल तर साल, मंदिर आणि निर्णय घेणारी व्यक्ती एवढे लिहावे. दावा द्यायचाच असेल तर तो करणाऱ्याच्या नावाने द्यावा. त्या कृतीचे वजन साल वाचताच कळते. ‘भारत छोडो आंदोलनाचा जन्म वर्ध्यात झाला’ हे वाक्यही असेच. काँग्रेस कार्यसमितीने १४ जुलै १९४२ रोजी वर्ध्यात ठराव केला आणि ८ ऑगस्टला मुंबईत अखिल भारतीय काँग्रेस समितीने त्यावर शिक्कामोर्तब केले. दोन्ही तारखा दिल्या की वर्ध्याचे श्रेय वर्ध्याला मिळते आणि मुंबईचे मुंबईला.

संस्थांच्या नोंदीत ‘सेवाभावी’, ‘गांधीविचारांनी प्रेरित’ हे शब्द ठरलेले. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेबद्दल ते खोटे आहेत असे कोणी म्हणणार नाही. तरी ही संस्था १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नय्यर यांनी सुरू केली, नवे विद्यार्थी आरंभी सेवाग्राम आश्रमातल्या शिबिरात राहतात आणि प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, एवढे सांगितले की प्रेरणा कोणती हे वेगळे सांगावे लागत नाही. बापू कुटीला ‘साधेपणाचे मूर्तिमंत प्रतीक’ म्हणण्यापेक्षा तिच्या मातीच्या भिंती, बांबू आणि वर घातलेली कवेलू यांचे वर्णन जास्त सांगते.

मराठीत आदराचा प्रश्न वेगळा सोडवावा लागतो. मराठी विश्वकोशात व्यक्तिनोंदीचे शीर्षक आडनावापासून सुरू होते आणि पुढे जन्म-मृत्यूच्या तारखा येतात. ‘परमपूज्य’, ‘थोर’, ‘युगपुरुष’ यांना तिथे जागाच नसते. म्हणून ‘बजाजने मंदिर खुले केले’ असे लिहायचे कारण नाही. ‘बजाज यांनी’ ही मराठीची नेहमीची रीत आहे, त्यात प्रचार नाही. निःपक्ष दिसण्यासाठी एकेरीवर उतरलेली नोंद मराठी वाचकाला उलट तुच्छतेची वाटते.

विशेषणे संपल्यावर उरतो तो न लिहिलेल्या गोष्टींतला प्रचार. हा पकडणे सर्वात कठीण, कारण खोडायला काही नसते, जोडावे लागते. विनोबांच्या नोंदीत १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीला मिळालेले पहिले भूदान येते, १९८३ मध्ये मरणोत्तर मिळालेले भारतरत्न येते. दानात मिळालेली जमीन आणि प्रत्यक्ष वाटली गेलेली जमीन यांतले मोठे अंतर मात्र राहून जाते. आणीबाणीच्या काळात त्यांच्या नावाशी जोडले गेलेले ‘अनुशासन पर्व’ हे शब्दही राहतात. नोंदीत ते यायला हवेत. त्यावरची टीका हवी आणि त्यांच्या अनुयायांनी केलेला खुलासाही हवा.

जिल्ह्याच्या मुख्य नोंदीचेही तसेच. वर्ध्याचा इतिहास १९३६ साली, गांधीजी शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, राहायला आले तेव्हा सुरू होऊन १९४२ मध्ये संपत नाही. नागपूरपासून वेगळा होऊन हा जिल्हा १८६२ मध्ये झाला. हिंगणघाटच्या कापसाचे नाव गांधीजी येण्याच्या कितीतरी आधीपासून बाजारात होते. याच कापसाच्या पट्ट्यात शेतकऱ्यांच्या आत्महत्या झाल्या, आणि २००६ मध्ये केंद्र सरकारने विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष पॅकेज जाहीर केले त्यांत वर्धा होता. हे वगळलेली नोंद कितीही संयत भाषेत असली तरी एकाच बाजूची राहते. दारूबद्दलचे वाक्यही याच कसोटीवर तपासावे. ‘दारूबंदी लागू असलेला जिल्हा’ हे कायद्याचे वर्णन आहे आणि ते कागदपत्रांवरून पडताळता येते. ‘दारूमुक्त जिल्हा’ असे लिहिले तर कायदा प्रत्यक्षात किती पाळला जातो याचे उत्तरही नोंदीला द्यावे लागेल, त्यासाठी पोलिसांच्या कारवाईचे आकडे लागतील, आणि आकड्यांशेजारी त्यांचे वर्ष.