सहा सेकंदांचा आठवडा

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या नियमांत लढाईची एक फेरी सहा सेकंदांची असते. समोरासमोर बसून खेळताना ती काही मिनिटांत उरकते. आम्ही हा खेळ डिस्कॉर्डवर, नुसते मेसेज लिहून खेळतो. तिथे त्याच सहा सेकंदांना आठवडा सहज लागतो, कारण कुणी पुण्यात आहे, कुणी बंगळुरूत, कुणी टोरांटोत. एकजण ऑफिसला निघतो तेव्हा दुसरा झोपायच्या तयारीत असतो.

पुस्तकातल्या नियमाप्रमाणे लढाईत प्रत्येकाची पाळी फासा टाकून ठरते. लिहून खेळताना तो क्रम काटेकोर पाळला, तर एक माणूस झोपला की पाचजण खोळंबतात. म्हणून आमचा डंजन मास्टर (डीएम), म्हणजे कथा चालवणारा, सगळ्या खेळाडूंची एक पाळी धरतो आणि शत्रूंची एक. आपल्या पाळीत ज्याला जसा वेळ मिळेल तसं त्याने लिहावं. दोन दिवसांत मेसेज आला नाही, तर डीएम त्या पात्राची साधीशी चाल स्वतःच खेळतो. एरवी एकाच्या गप्प बसण्याने अख्खा खेळ बंद पडतो, आणि लिहून खेळले जाणारे बहुतेक डाव असेच संपतात.

चांगला मेसेज कसा असतो? परवा एका मैत्रिणीने लिहिलं, ‘बुंध्याला पाठ लावून ती श्वास रोखते आणि आपली पिशवी उचलणाऱ्या गॉब्लिनवर बाण सोडते. तो आधीच पडला असेल, तर त्याच्या शेजारच्यावर.’ खाली फासे टाकणाऱ्या बॉटला आज्ञा: वीस बाजूंचा फासा, अधिक पाच. आले अकरा, झाले सोळा. गॉब्लिनचं चिलखत पंधराचं, म्हणजे बाण लागला. इजेसाठी सहा बाजूंचा फासा, अधिक तीन. चार पडले, एकूण सात. साध्या गॉब्लिनचा जीवच सात गुणांचा. एवढं समोर दिसत असूनही ‘गॉब्लिन मेला’ असं तिने लिहिलं नाही. पात्र काय करू पाहतं तेवढंच खेळाडूने लिहायचं, पुढे काय झालं ते डीएम सांगणार. आणि तिने लिहिलेल्या त्या ‘तर’मुळे एक विचारणा वाचली, म्हणजे अख्खा एक दिवस वाचला.

डीएमचं काम याहून कठीण. त्याच्या प्रत्येक मेसेजच्या शेवटी कुणाला तरी काहीतरी करायला हवं असं काही असावंच लागतं: किलकिलं झालेलं दार, थेट एका पात्राला विचारलेला प्रश्न. नुसतं सुंदर वर्णन करून तो थांबला, की सगळे वाचतात, दाद देतात आणि पुढे कुणीच काही लिहीत नाही.

हा खेळ 1974 साली आला तो टेबलाभोवती बसून खेळण्यासाठीच, आणि तिथली धमाल मला मान्य आहे. पण तिथे बोलघेवड्यांचं फावतं. लिहिताना अबोल माणसालाही आपलं वाक्य जुळवायला निवांत वेळ मिळतो. आमच्यातल्या सर्वांत मुखदुर्बळ गड्याचं पात्र सर्वांत धारदार बोलतं.

शिवाय इथे काही विसरलं जात नाही. सराईच्या मालकाने कधीतरी सांगितलं होतं, की तो उत्तरेच्या खाणीत कधी गेलेलाच नाही. पुढे बऱ्याच काळाने त्याच्या खोलीत खाणकामगाराचा कंदील सापडला. टोरांटोवाल्याने जुने मेसेज धुंडाळले, मालकाचं ते वाक्य जसंच्या तसं शोधून काढलं आणि त्याच्या तोंडावर फेकलं. डीएमने मालकाला पळवलं आणि आम्ही सगळे त्याच्या मागे खाणीत उतरलो. सध्या तिथेच लढाई चालू आहे, दुसरी फेरी.